ओढ्यासाठी वेगळी पट्टी

नेदरलँड्समध्ये घरपट्टीखेरीज आणखी एक पट्टी भरावी लागते. ओढे, कालवे, चर आणि बांध राखण्यासाठी ‘वाटरस्खाप’ म्हणजे पाणीमंडळ ती आकारते. मोठ्या नद्या केंद्र सरकारकडे आणि गटारे पालिकेकडे असतात. गावाशिवारातले पाणी मात्र या मंडळांच्या ताब्यात. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. तिथले पावसाचे पाणी चरांत गोळा होते आणि पंपांनी उपसून कालव्यांत सोडावे लागते. एका शेताकडेचा चर तुंबला की वरच्या बाजूच्या दहा शेतांत पाणी साचते.

ही व्यवस्था मध्ययुगात शेतकऱ्यांनीच उभी केली. लायडेन परिसरातल्या राइनलंड मंडळाला हॉलंडच्या काउंटने 1255 मध्ये सनद दिली. तेव्हा रोख पैशाऐवजी श्रम द्यावे लागत. ज्याची जितकी जमीन, त्याच्याकडे बांधाचा तितका पट्टा. ज्याला तो राखणे झेपेना, तो बांधात फावडे रोवून निघून जाई. जो ते फावडे उपसून घेई, त्याला जमीनही मिळे आणि बांधाची जबाबदारीही. नियम कठोर होता, पण एकाच्या हयगयीने अख्खे गाव बुडत असताना सौम्य नियम परवडला नसता. त्यातही एक उणीव राहिलीच. कुणाचा पट्टा भक्कम, कुणाचा कच्चा. आणि पाणी कच्च्या जागीच फुटते. म्हणून हळूहळू सर्वांकडून पैसे गोळा करून एकत्रित देखभाल करण्याची पद्धत रूढ झाली.

आज 21 मंडळे आहेत. 1950 च्या सुमारास ती अडीच हजारांहून अधिक होती. ज्याचे हित, त्याने पैसे द्यावेत आणि ज्याने पैसे दिले, त्याला कारभारात मत असावे, हे त्यांचे जुने सूत्र. त्यानुसार खर्चाची वाटणी गटवार होते. प्रत्येक कुटुंबाला ठरावीक रक्कम, इमारतीच्या मालकाला तिच्या किमतीवर, शेतजमिनीच्या मालकाला हेक्टरमागे. दर चार वर्षांनी निवडणूक होते; शेती आणि निसर्गजमिनींच्या प्रतिनिधींसाठी काही जागा राखीव असतात. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण असा की, ओढ्याचा पैसा रस्ते किंवा शाळांशी स्पर्धा करत नाही. सर्वसाधारण अंदाजपत्रकात गाळकाढणी सहज मागे पडते, कारण वेळेवर निघालेला गाळ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सगळेच काम मंडळ करत नाही. ‘लेखर’ नावाच्या नोंदवहीत प्रत्येक प्रवाहाची रुंदी, खोली आणि देखभाल कुणाची हे लिहिलेले असते. जमिनीचा सातबारा असतो तसा हा पाण्याचा. मुख्य प्रवाह मंडळाकडे, छोटे चर लगतच्या मालकांकडे. शरद ऋतूत मंडळाचे लोक चरांची पाहणी करतात. वेळ देऊनही गवत-गाळ निघाला नाही, तर मंडळ ते काम करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. मुख्य प्रवाहातून उपसलेला गाळ काठच्या मालकाला आपल्या जमिनीवर घ्यावा लागतो. गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न काढण्याच्या खर्चाइतकाच मोठा असल्याने ही तरतूद फार मोलाची आहे.

तरीही स्वच्छ ओढा प्रत्येक पूर अडवत नाही. जुलै 2021 मध्ये दक्षिणेकडच्या लिंबुर्ख प्रांतात अतिवृष्टीने खेल नदी फुगली आणि फाल्केनबुर्ख गावात पाणी शिरले. शिवाय विसाव्या शतकात पाणी लवकर वाहून जावे म्हणून अनेक ओढे सरळ केले गेले होते. त्यामुळे खालच्या गावांकडे लोंढा वेगाने जाऊ लागला आणि उन्हाळ्यात वरची शेते कोरडी पडू लागली. आता अनेक मंडळे अशा ओढ्यांना पुन्हा वळणे देत आहेत आणि काठच्या सखल जमिनीत पाणी पसरू देत आहेत. काही ठिकाणी गवतही एका वेळी एकाच बाजूचे कापतात, म्हणजे पाणी वाहते राहते आणि मासे व कीटकांना आसराही उरतो.