दिवसाची लाईट

विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी बऱ्याच ठिकाणी एक छोटी डबी बसवलेली दिसते. तिला ऑटोस्विच म्हणतात. मध्यरात्री थ्री फेज लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो आणि मालकाची झोप मोडत नाही. महाराष्ट्रात शेतीला काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास, अशी पाळीपाळीने वीज देण्याचा प्रघात वर्षानुवर्षं चालत आला आहे. ही डबी त्या प्रघाताचं अपत्य. लाईट येताच डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एका दमात उचल घेतात, त्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचला जातो आणि कधी ना कधी डीपी जळतो. पिकाला तहान असो वा नसो, पंप चालूच. पाणी बांध ओलांडून ओढ्याला गेलं तरी पाहायला कुणी नसतं. जो शेतकरी डबीवर भरवसा न ठेवता स्वतः दारं धरायला जातो, त्याच्या वाटेत साप असतात आणि जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याही. सौरऊर्जेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मेगावॉटच्या आकड्यांनी सुरू होते. ती या डबीपासून सुरू करायला हवी. सूर्याची वीज महाराष्ट्राने सर्वात आधी कुणाला द्यायची, हे तिथून नीट दिसतं.

ही वीज परवडते का, हा प्रश्न आता जुना झाला. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने फोटोव्होल्टाइक विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटवर पोहोचली. उद्दिष्ट २०२२ चं होतं, तेव्हा टाळ्या जरा जपूनच. आता अडचण उरली आहे ती वेळेची. पॅनेल भर दुपारी सर्वाधिक वीज देतात आणि घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात ते ऊन उतरल्यावर. शहराची संध्याकाळ सूर्यावर चालवायची तर मध्ये बॅटरी हवी आणि तिचा खर्च कुणीतरी उचलायला हवा. शेतीला ती गरज नाही. पाणी सकाळी दहाला दिलं काय आणि दुपारी दोनला दिलं काय, मुळांना दोन्ही सारखंच. दुपारी थोडं जास्त उडून जातं हे खरं, पण ठिबक असेल तर तेही नाममात्र. जमिनीतली ओल हीच इथली बॅटरी, आणि ती फुकट आहे. ढगाळ हवेचा आक्षेपही शेतीपुरता फारसा टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घटतं तेव्हा पंपही बहुतेक बंद असतात. रब्बीच्या पाण्याची ओढ लागते ती दिवाळीनंतर, आभाळ निरभ्र असताना.

हे गणित ओळखून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक राळेगणसिद्धीत झाला. पहिली काही वर्षं काम रेंगाळलं. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. आता उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं आहे. रचना साधी आहे. गावाजवळच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत पॅनेल उभारायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे वाहिनीवर, सोडायची. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते, वर्षाकाठी साधारण सोळा लाख युनिट मिळतात आणि भर उन्हात पाच एचपीचे पावणेदोनशे-दोनशे पंप त्यावर एकाच वेळी चालू शकतात. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. चंद्रपूरची कोळशाची वीज शेकडो किलोमीटर तारांमधून आणताना जी गळती होते, तीही वाचते. शेतकऱ्याला विहिरीवर काहीच बदलावं लागत नाही. पंप तोच, स्टार्टर तोच, फक्त लाईट दिवसा.

याच्या शेजारीच दुसरी वाट आहे, ती म्हणजे ज्याच्या त्याच्या विहिरीवर स्वतंत्र सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची असते. जिथे विजेचा खांब पोहोचलेला नाही, अशा डोंगरकपारीतल्या वाडीवर हा पंप वरदानच आहे. पण जिथे फीडर आहे तिथे तो मला दुय्यम पर्याय वाटतो. पीक निघाल्यावर आणि पावसाळाभर ते पॅनेल नुसतेच ऊन खात बसतात. तारच नसल्यामुळे त्यांची वीज दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. फीडरवरची उरलेली वीज मात्र गावातल्या गिरणीला जाते, तालुक्याच्या ठिकाणच्या शीतगृहाला जाते.

सर्वात जड आक्षेप पाण्याचा आहे आणि सौरऊर्जेचे बरेच समर्थक त्याला बगल देतात. ऊन रोज नव्याने मिळतं, पण त्या उन्हावर उपसलं जाणारं भूजल तसं मिळत नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टच्या कातळावर वसलेला आहे. पाणी मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. त्यात ती दिवसा, खात्रीने आणि पूर्ण दाबाने मिळू लागली तर पंप जास्त तास चालणार नाहीत का? भीती रास्त आहे. तरी रात्रीची अवेळी वीज हा पाणी वाचवण्याचा उपाय कधीच नव्हता. तसं असतं तर ऑटोस्विच जन्मालाच आला नसता. दिवसाची लाईट नक्की येणार हे ठाऊक असलेला माणूस गरजेपुरता पंप चालवून बंद करू शकतो. तो बंद करेलच असं नाही. त्यासाठी बंद करण्यात त्याचा फायदा दिसायला हवा. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ग्रीडला युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी विकण्याचा करार केला. तिथे ऊन हे विकाऊ पीक झालं आणि पंप विनाकारण चालवण्याला किंमत आली. पंजाबने २०१८ मध्ये 'पाणी वाचवा, पैसा कमवा' अशा अर्थाची योजना काही फीडरांवर सुरू केली. वीज मोफतच राहिली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी वापरणाऱ्याला वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये मिळू लागले. हे दोन्ही प्रयोग छोटे आहेत, त्यांच्यावर मोठा इमला चढवू नये. पण दोन्हींना मीटर लागतो. आपल्याकडे शेतीपंपांचा वापर मोठ्या प्रमाणावर अंदाजाने मांडला जातो, आणि ही वाट तिथेच अडते.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. पॅनेलच्या साखळीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग चीनच्या हातात आहे आणि ते बनवायला कोळशाची वीज जळते, हे खरं. पण त्यात खर्ची पडलेली ऊर्जा पॅनेल एक-दोन वर्षांत परत देतो आणि पंचवीस वर्षं टिकतो. निकामी पॅनेलचा कचरा २०२२ च्या ई-कचरा नियमांत आला आहे. ते नियम पाळले जातात का, हे पुढे दिसेल. संध्याकाळच्या मागणीसाठी कोयनेची जलविद्युत आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, तिथे स्वस्त विजेवर पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडतात. जमिनीचा मुद्दा मात्र मी हलका धरणार नाही. सरकारी जागा म्हणून जी दाखवली जाते ती पुष्कळदा गायरान असते, आणि तिथे कुणाची जनावरं चरत असतात, कुणा भूमिहीनाची वहिवाट असते. खासगी जमिनीच्या मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं; गायरानावर शेळ्या चारणाऱ्या बाईला काय मिळतं?

तेव्हा ज्यांच्या गावात असा प्रकल्प येऊ घातला आहे, त्यांना एक विनंती. ग्रामसभेत जागेचा ठराव मांडला जाईल तेव्हा त्या गटावर आज कोण चारतं, कोण कसतं याची नोंद त्यात घालून घ्या. आणि आपल्या फीडरवर दर महिन्याला किती युनिट सोडले आणि किती वापरले, याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची अट त्याच ठरावात लिहून घ्या.