शेवटचा हात कुणाचा?

1985 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बिल मन्रो यांच्या घरात कुणीतरी घुसलं आणि शेकोटीतल्या लोखंडी सळईनं त्यांचं मँडोलिन फोडलं. मन्रो म्हणजे ‘ब्लूग्रास’ या ग्रामीण अमेरिकी संगीताचे जनक. हे वाद्य त्यांनी चाळीसच्या दशकात फ्लोरिडातल्या एका केशकर्तनालयातून 150 डॉलरला उचललं होतं. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख होती 9 जुलै 1923 आणि सही होती ते बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या लॉइड लोर यांची. याच कंपनीतले कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी ढलपी ढलपी जुळवत ते पुन्हा उभं केलं. मन्रो यांनी ते पुन्हा वाजवलं, आणि आता ते नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

हातानं घडवलेल्या वाद्यांची थोरवी सांगताना हटकून याच जातीच्या मँडोलिनचा, म्हणजे गिब्सन ‘एफ-5’चा दाखला दिला जातो. लोर यांची सही असलेल्या एफ-5 ला आज लाखाहून जास्त डॉलर मोजावे लागतात. गंमत अशी, की ते कारखान्यातून निघालेलं वाद्य आहे. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी 1902 मध्ये स्थापन झालेली गिब्सन ही चांगलं भागभांडवल असलेली, जाहिराती करणारी, हप्त्यानं वाद्यं विकणारी कंपनी होती. लाकडाचा ढोबळ आकार यंत्रावर निघे, वेगवेगळे भाग वेगवेगळे कामगार करत. स्वतः लोर रंधा घेऊन बसणारे सुतार नव्हतेच. ते वादक होते आणि ध्वनिशास्त्राचे जाणकार होते. पातळ केलेली तबली, म्हणजे वाद्याची वरची फळी, ठोकून ऐकायची, ती कोणत्या सुरात बोलते ते पाहायचं आणि मगच पुढे जायचं, यावर त्यांचा भर. 1922 ते 1924 एवढाच या सहीचा काळ. मँडोलिनची लाट तोवर ओसरली होती, माल फारसा खपला नाही आणि लोर कंपनी सोडून गेले.

तेव्हा ‘कारखान्यातलं मँडोलिन हातानं घडवलेल्याची बरोबरी करतं का?’ हा प्रश्न जसा विचारला जातो, तसा तो धड उभाच राहत नाही. आधी हे विचारायला हवं, की त्या वाद्याच्या प्रवासात कुणाचा कान कुठे लागला, की लागलाच नाही?

हाच प्रश्न आपल्याकडे आणून पाहू. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर हिंगणी आहे. सागवानाच्या रानाला लागून असलेल्या या पट्ट्यात वाद्य म्हटलं की तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी, पेटी, तबला, टाळ. मँडोलिन तिथे पाहुणाच. पण समजा, तिथल्या एखाद्या पोराला मोहरीच्या शेतात मँडोलिन छेडणारा ‘दिलवाले दुल्हनिया’तला शाहरुख पाहून ते घ्यावंसं वाटलं, तर त्याच्यापुढे वाटा दोनच. वर्धा-नागपूरच्या दुकानातलं कोलकात्याच्या कारखान्यातलं मँडोलिन, नाहीतर मोबाइलवरून मागवलेलं चिनी. कोलकात्याच्या एका प्रसिद्ध नाममुद्रेचं नाव ‘गिव्हसन’ आहे. एका अक्षराच्या फरकात केवढी महत्त्वाकांक्षा! हातानं घडवलेलं मँडोलिन या पोराच्या आवाक्यात नाही. ते जिथे मिळतं तिथे त्याची किंमत लाखांत असते.

स्वस्तातल्या आणि महागातल्या मँडोलिनमध्ये फरक नेमका कुठे असतो? मुख्य म्हणजे तबलीत. वाद्याचा आवाज बहुतांशी ही वरची पातळ फळीच काढते. चार जोड्यांच्या आठ पोलादी तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देतात. त्यातला काही भार घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या ठोकळ्यावरून, तबलीवर येतो. तबली जाड ठेवली तर ती भार सहज पेलते, पण मुकी राहते. पातळ केली तर बोलते, आणि फारच पातळ केली तर बसते. चांगला कारागीर अखंड स्प्रूसची फळी कोरून मधे जाड, कडेला पातळ करत नेतो आणि त्या त्या फळीचा स्वभाव पाहून थांबतो. कारखान्यात फळी कशीही असो, जाडी ठरलेली. शिवाय गिऱ्हाइकाकडून तुटून परत येऊ नये म्हणून ती थोडी जास्तच ठेवतात. त्याहून स्वस्त मालात कोरणं नसतंच. प्लायवूड साच्यात दाबून बाक दिलेला असतो.

कानाची परीक्षा घेतली की मात्र भल्याभल्यांचे समज डळमळतात. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन घडवणारे जोसेफ कर्टिन यांनी 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत व्हायोलिनवादकांना डोळ्यांपुढे काळा चष्मा लावून बारा व्हायोलिनं दिली. सहा जुनी इटालियन, त्यांत पाच स्ट्राडिव्हारी, आणि सहा नवी. दहापैकी सहा जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. पाठीचं लाकूड सोडता एकसारख्या सहा गिटारी, 52 वादक, अंधूक खोली आणि डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा. स्वस्त लाकडाची पाठ आणि दुर्मीळ रोजवूडची पाठ यांत वादकांना जवळपास काहीच फरक करता आला नाही.

यातला कुठलाच प्रयोग कारखाना विरुद्ध हात असा नव्हता, हे खरं. पॅरिसची नवी व्हायोलिनंही उत्तम कारागिरांनीच केलेली होती आणि लँकेस्टरच्या सहाही गिटारी एकाच निष्णात कारागिराच्या हातच्या. म्हणूनच ते बोलके आहेत. वाद्याचं वय, लाकडाचं कुळ आणि किंमत यांवर आपण जेवढं चढवून ठेवतो, तेवढं ते कानाला ऐकू येत नाही. निगुतीनं पूर्ण केलेलं काम मात्र ऐकू येतं.

महाराष्ट्रात हे तपासायचं तर मिरजेला जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेबांनी सतारी करायला घेतल्या. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. संस्थानं मांडलिक झाली, तलवारींची मागणी आटली आणि लोखंडावर कानस चालवणारे हात तुणीच्या लाकडाकडे वळले. घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसातली गायनसेवा आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा गावातला वावर यांमुळे गिऱ्हाईक दारातच होतं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज. तंबोरा जरा जरी कमी बोलला तरी त्यांना खपत नसे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण मिरज म्हणजे एक म्हातारा कारागीर एकटा बसून अथपासून इतिपर्यंत एक वाद्य करतो, असं चित्र कुणी डोळ्यांपुढे आणत असेल तर ते पुसून टाकावं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तुणीचं लाकूड येतं मुख्यतः कर्नाटकातून. भोपळा कापून त्याला गळा आणि दांडी जोडणारा एक, पानाफुलांची नक्षी करणारा दुसरा, लाखेचं पॉलिश देणारा तिसरा. कामाची अशी वाटणी कॅलामझूच्या कारखान्यातही होतीच. यंत्रं कमी, एवढाच फरक. आता लाकूड कापायला आणि भोकं पाडायला विजेची अवजारं मिरजेतही आहेत आणि त्यानं कुणाचा तानपुरा बेसूर झाल्याचं ऐकिवात नाही.

वाद्याचं नशीब ठरतं ते जवारी काढताना.

तानपुऱ्याची घोडी म्हणजे तारा टेकवायचा नुसता ठोकळा नव्हे. तिचा माथा हाडाचा, शिंगाचा किंवा हल्ली प्लास्टिकसारख्या कृत्रिम साहित्याचा असतो. तो डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका बाक असतो. तार त्या बाकावर निजल्यासारखी टेकते आणि छेडली की माथ्याला चाटत चाटत थरथरते. त्यातूनच तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. हीच जवारी. ती काढणारा माणूस तारा बाजूला सारतो, बारीक कानस एकदा-दोनदा फिरवतो, भुकटी फुंकतो, तार परत बसवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा तार बाजूला. कानस एकदा जास्त फिरली की आवाज चिरका होतो आणि सगळा माथा नव्यानं घासावा लागतो. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद. पुरुषाच्या पट्टीचा तानपुरा वेगळा, बाईच्या पट्टीचा वेगळा. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून राहिलेला केसभर फरक मिटवायचा. वर्षा-दोन वर्षांत तारा माथ्यात खाचा पाडतात आणि हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असतो, तो स्वरांश उमटू नये असा युरोपीय भौतिकशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात तो खुशाल उमटतो. पाश्चात्त्य वाद्यात घोडीची कड धारदार असते, इथे ती पसरट असते, त्याचा हा परिणाम. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी रामन यांनी ज्याचं कोडं सोडवायला घेतलं, ते मिरजेत कानशीनं रोज सुटत होतं.

बंगळुरूच्या ‘रॅडेल’नं 1979 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आता मोबाइलवरचं ॲपही तेच काम करतं. रियाजाला, प्रवासाला ते उत्तम. हिंगणीत गाणं शिकणाऱ्या मुलीला पट्टी धरायला त्याहून सोयीचं काही नाही. मैफलीत मात्र गवयाच्या मागे अजून भोपळ्याचाच तानपुरा दिसतो, आणि तो केवळ शोभेसाठी नसतो.

यंत्र की हात या वादात वर्धा जिल्ह्याला साक्षीला बोलवायलाच हवं. 1934 मध्ये गांधींचा ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्ध्याच्या मगनवाडीत, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. इथे गांधींच्या नावानं ‘यंत्र वाईट’ असं ठोकून देणारे खूप, पण खुद्द गांधींनी 1924 मध्येच सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, आणि ते यंत्र कारखान्यातच होणार हेही त्यांना मान्य होतं. पुढे 1929 मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी पाहण्यासारख्या आहेत. किंमत 150 रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत चालेल असा, वीस वर्षं टिकेल असा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानं चरखा करून पाहिला, पण तो त्या कसाला उतरला नाही. कुणी बनवलं यापेक्षा ते वापरणाऱ्याच्या हाती राहतं का, याला त्या अटींत मोल होतं. वाद्यालाही हाच कस लावायला हरकत नाही.

मँडोलिन आपल्याकडे रुळलं तेही त्याला वाकवून घेतल्यामुळे. पडद्यांचं वाद्य, टणक तारा, क्षणात विरणारा आवाज. रागसंगीताला यातलं काहीच सोयीचं नाही. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी साध्या मँडोलिनवर मींड काढून दाखवली ती बोटांच्या जोरावर. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी दुसरी वाट धरली. जोडीच्या तारा काढून पाच एकेरी तारांचं विजेवरचं मँडोलिन घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीतातली गमकं आणली. त्या वाद्याची पोकळी कोरीव आहे की नाही हा प्रश्नच तिथे उरला नाही.

आता हिंगणीच्या हवेचं. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि दीड महिन्यात पावसाळी दमटपणा. अखंड लाकडाची कोरीव तबली उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि हयगय झाली तर सरळ तडकते. एकमेकांवर आडवे-उभे थर चिकटवलेलं प्लायवूड यात बरंच तग धरतं. म्हणजे ज्याच्या घरी वाद्य पत्र्याच्या छपराखाली खुंटीला टांगलेलं राहणार, त्याला कारखान्याचं साधं मँडोलिनच जास्त मानवेल. मैफलीचा आवाज त्यातून निघणार नाही, पण शिकायला ते पुरतं. मान वाकली तर सरळ करता यावी म्हणून आतली पोलादी सळई असलेलंच घ्यावं. ही सोयही 1920 च्या दशकात गिब्सनच्या कारखान्यानंच रुळवली.

आणि स्वस्त मँडोलिनबद्दलच्या बऱ्याच तक्रारी तबलीच्या नसतातच. वरच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या खाचा उथळ ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या पडद्यावर बोटं सोलून निघतात. पडद्यांची टोकं कानशीनं मारलेली नसतात. घोडी चिकटवलेली नसते, नुसती ताणानं उभी असते आणि वाहतुकीत हललेली असते. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तीच तार यांत बरोबर एका सप्तकाचं अंतर हवं. वरचा सूर चढा लागला तर घोडी मानेपासून मागे सारायची, उतरा लागला तर मानेकडे. सतार दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात हे काम आहे, आणि वाद्याच्या किमतीच्या मानानं त्याची मजुरी किरकोळ असते. दुकानातच हे करून मागावं. नाही म्हणाले तर पुढचं दुकान गाठावं.