बुरशीवरचं औषध आणि आपली पिंपरी

मागच्या पावसाळ्यात कामशेतला मला गजकर्ण झालं. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने खाज थांबली, चट्टे मात्र पसरले. त्यात स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं, बुरशी मारत नाही.

बुरशी मारणं अवघड का? तिच्या पेशी बऱ्याचशा आपल्यासारख्याच, त्यामुळे औषध आपल्यालाही बाधू शकतं. कामाचा एक फरक म्हणजे तिच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या कोलेस्टेरॉल. हाच फरक हेरणारं हॅमायसिन आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलं. ते बनवणाऱ्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! त्याच कुळातल्या अँफोटेरिसिन-बीसाठी २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरले.

अशी औषधं मोजकीच आहेत. म्हणून चट्टा दिसला की आधी डॉक्टर, मग क्रीम.