जुनी पिकअप घेताना आधी नंबर वाचा

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात आठवडी बाजाराचा भाजीपाला, धान, मोहफूल, तेंदूपत्ता असे सारे पिकअपवरच चालते. व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबे साठवलेला पैसा, कधी घरातले दागिने मोडून रोखीने जुनी गाडी घेतात. ती गाडी चोरीची किंवा कर्जात अडकलेली निघाली, तर सगळी पुंजी बुडते. म्हणून रंग आणि टायर पाहण्याआधी आपण चेसिस नंबर पाहावा.

हा नंबर 17 अक्षरी असतो. 1 आणि 0 शी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. ती दिसली तर समजावे की काहीतरी गडबड आहे. पहिली तीन अक्षरे कंपनी सांगतात: 'एमए1' म्हणजे महिंद्रा, 'एमएटी' म्हणजे टाटा. या दोन्ही कंपन्यांच्या पिकअपमध्ये दहावे अक्षर बहुधा वर्षाचे असते: 8 म्हणजे 2008, 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010, बी म्हणजे 2011, सी म्हणजे 2012. विकणारा '2012 ची गाडी' म्हणत असेल आणि तिथे 8 असेल, तर चार वर्षांचे पैसे जास्त जातात. शेवटचे आकडे त्या एकाच गाडीचे असतात.

नंबर गाडीच्या चेसिसवर ठोकलेला असतो. माती पुसून त्यावर कागद ठेवावा, पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा आरसी बुकशी एकेक अक्षर जुळवावा. अक्षरे वाकडीतिकडी, जागा घासलेली किंवा वेल्डिंग केलेली दिसली तर सौदा थांबवावा. इंजिन नंबरही जुळवावा. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस आणि विमा किती तारखेपर्यंत आहे ते पाहावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र व नमुना 35 आधी मागावा.

एमएच 33 गडचिरोलीचा, एमएच 34 चंद्रपूरचा. सिरोंचाकडे तेलंगणाच्या, कोरचीकडे छत्तीसगडच्या गाड्याही विकायला येतात. त्यांना मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

विकणाऱ्यानेही जपावे. नमुना 29 व 30 भरून नाव बदलले नाही, तर कागदावर मालक तोच राहतो. अपघाताच्या भरपाईत नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि सौद्याला साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेताना 'आपलाच माणूस आहे' म्हणून आपण कागद टाळतो. कागद पक्का असेल तर पैसाही राहतो आणि नातेही राहते.