काका, खाजेची ट्यूब द्या

शालेय स्पर्धांचा मोसम आला, की आमच्या शहरात पुंडलिकनगरच्या रस्त्याने गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालेली पोरं सकाळ-संध्याकाळ दिसू लागतात. पदकांच्या बातम्या छापून येतात. जांघेतली खाज मात्र पोरगं आईलाही सांगत नाही. मेडिकलवर गर्दी ओसरेपर्यंत थांबतं आणि हळूच म्हणतं, "काका, खाजेची ट्यूब द्या ना."

माझं भांडण आहे ते या ट्यूबशी. अशा बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. ते बुरशी मारत नाही, शरीराने बुरशीशी मांडलेली झुंजच थंड करतं. दोन दिवसांत खाज जाते, लाली उतरते, ट्यूब कपाटात जाते आणि बुरशी निवांत पसरते. मग गजकर्णाच्या कड्यात दुसरं कडं उमटतं. जास्त दिवस चोळलं तर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ कोवळ्या जांघेत उठतात, ते कायमचेच.

वडोदऱ्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. श्याम वर्मा वर्षानुवर्षे याविरुद्ध लिहीत आलेत. 2018 मध्ये केंद्राने स्टेरॉइडची बरीच मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. परवा एका दुकानात मी नुसतं मलमाचं नाव घेतलं. चिठ्ठी राहिली बाजूला, सुट्टे आहेत का एवढंच विचारलं गेलं.

दरम्यान बुरशीही बेरकी झाली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिच्या एका जातीला नाव दिलं 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. त्यातलं 'इंडो' आपलंच. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही, आणि 2023 मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही निघाले.

कुस्तीत आणखी एक गोम आहे. वजनाच्या वेळी डॉक्टर अंग तपासतात. संसर्ग दिसला की स्पर्धेबाहेर. त्यामुळे पोरं डाग लपवतात. आखाड्याच्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू घालायची रीत होती. तिने किती बुरशी मरत असेल कोण जाणे, पण माती राखायची सवय तरी होती. आताची मॅटही रोज जंतुनाशकाने पुसावी लागते, नाहीतर एकाचं गजकर्ण सगळ्या तालमीचं होतं.

खेळून आल्यावर लगेच आंघोळ, रोज धुतलेली जर्सी, हा सल्ला बरोबरच. पण आमच्याकडे धरण उशाला, कोरड घशाला. नळाला पाणी येतं काही दिवसांआड, ड्रममधलं पुरवून वापरायचं. घामाने ओली जर्सी गॅलरीच्या कठड्यावर वाळते आणि सकाळी तीच पुन्हा अंगावर चढते.

डॉक्टरांचं औषध डाग गेल्यावरही सांगितले तितके आठवडे घ्यावं लागतं. आणि आईला सांगावंच लागतं, कारण घरात चौघांना मिळून टॉवेल एकच असतो.