ध्वनीला मागे टाकणारी मोटार

ध्वनीपेक्षा वेगाने उडणारी विमाने तुम्हाला ठाऊक आहेत. पण चाके जमिनीवर टेकलेली असताना तो वेग गाठता येईल काय?

१९५२ साली स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरावर सहा वर्षांच्या एका मुलाने जॉन कॉब या विक्रमवीराची जेट नौका पाहिली. त्याच नौकेतून विक्रमाचा प्रयत्न करताना पुढे कॉब यांचा मृत्यू झाला. मुलाच्या मनातले वेगाचे वेड मात्र कायम राहिले. हा मुलगा म्हणजे रिचर्ड नोबल.

पुढे व्यवसायात शिरलेल्या नोबल यांनी १९७४ साली आपली स्पोर्ट्‌स मोटार विकली आणि जुन्या विमानाचे जेट इंजिन बसवून ‘थ्रस्ट-१’ ही गाडी बांधली. १९७७ साली ती उलटली. नोबल बचावले, गाडी भंगारात गेली. मग कंपन्यांचे दरवाजे ठोठावून त्यांनी मदत जमवली व ‘थ्रस्ट-२’ उभी केली. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ती स्वतः चालवून त्यांनी ताशी सुमारे १,०१९ किलोमीटरचा विक्रम केला.

हा वेग मोजतात कसा? ठरावीक अंतर एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने, एका तासाच्या आत, कापावे लागते. दोन्ही वेगांची सरासरी तो विक्रम. वारा किंवा उतार यांचा जाताना झालेला फायदा येताना बहुतेक फिटतो.

यानंतरचे लक्ष्य होते ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर. येथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली हवेच्या रोधाची. वेग दुप्पट झाला की रोध सुमारे चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणून ‘थ्रस्ट एसएससी’ या नव्या गाडीला लढाऊ विमानाची दोन जेट इंजिने बसवली. ती चाके फिरवीत नाहीत. वायूचा झोत मागे जातो आणि गाडी पुढे ढकलली जाते. चाके नुसती घरंगळतात.

दुसरी अडचण चाकांची. ०.४ मीटर त्रिज्येचे चाक घेऊन गणित करा. कडेवरील कणाचा केंद्रगामी त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. उत्तर गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २९ हजारपट येते! म्हणजे कडेवरच्या एका ग्रॅमला धरून ठेवायला २९ किलोग्रॅम वजनाएवढे बल हवे. रबरी टायरच्या चिंधड्या उडतील. म्हणून चाके भरीव अ‍ॅल्युमिनियमची केली.

तिसरी अडचण सर्वांत घातक. ध्वनीच्या वेगाजवळ समोरच्या हवेला बाजूला सरकायला अवसर मिळत नाही. ती दाबली जाऊन आघाततरंग निर्माण होतात. उंचावरील विमानाचे तरंग दूर पसरतात, पण गाडीखालचे तरंग जमिनीवर आपटून परततात. या वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ टन वजनाएवढा भरतो, आणि गाडीचे वजन साधारण १० टन. नाक जरा वर उचलले गेले तर गाडी उडेल, खाली दबले तर जमिनीत रुतेल. म्हणून रॉन एअर्स या वायुगतितज्ज्ञांनी आकाराची दोन प्रकारे परीक्षा घेतली. संगणकावर गणित केले आणि वेल्समधील पेंडाइन येथे छोटी प्रतिकृती रॉकेटच्या जोराने रुळांवरून पळवली. दोन्ही उत्तरे जुळली, तेव्हाच पुढचे काम सुरू झाले.

या वेळी पैसा व माणसे जमवण्याचे काम नोबल यांनी स्वतःकडे ठेवले आणि चालकाची जागा अँडी ग्रीन या लढाऊ वैमानिकाला दिली. १३ ऑक्टोबर १९९७ रोजी गाडीने दोन्ही दिशांना ध्वनीचा वेग ओलांडला. पण दुसरी फेरी एका तासाच्या मुदतीनंतर, मिनिटभराच्या आतच, पडली. विक्रम नामंजूर! १५ ऑक्टोबरला पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी दोन्ही फेऱ्या वेळेत झाल्या आणि सरासरी आली ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर. जमिनीवरील विक्रमाने ध्वनीची मर्यादा प्रथमच ओलांडली.

आता एक उदाहरण सोडवा. मोजणीचे अंतर एक मैल, म्हणजे १.६०९ किलोमीटर होते. या वेगाने ते कापायला किती सेकंद लागले असतील? उत्तर पाच सेकंदांपेक्षा कमी आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.