नेट गेलं? आधी दिवे बघा

वेल्समधल्या अबरहोसान नावाच्या खेड्यात सकाळी सातच्या ठोक्याला गावभराचं ब्रॉडबँड कोलमडायचं. एक-दोन दिवस नाही, तब्बल 18 महिने! कंपनीने केबल बदलून पाहिली, फरक शून्य. शेवटी इंजिनिअर लहरी मोजायचं यंत्र घेऊन भर पावसात, पहाटेच गावात फिरायला लागले. सात वाजले आणि चोर सापडला. एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही चालू झाला की असा काही विद्युत गोंगाट करायचा, की सगळ्या गावाची लाइन बिघडायची. टीव्ही कायमचा बंद झाला आणि नेट सुरळीत! 2020 मध्ये ही हकिगत जगभर छापून आली. बिघाड भलत्याच ठिकाणी दडलेला असतो, पण नेटाने शोधला तर सापडतो, हे पटवायला मला याहून चांगला किस्सा ठाऊक नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या 64 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने तर शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं कोड्यात टाकलं होतं. 1998 पासून अधूनमधून विचित्र लहरी टिपल्या जायच्या आणि त्याही बहुतेक ऑफिसच्या वेळेत. 2015 मध्ये उलगडा झाला. जेवण गरम होण्याआधीच कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडायचं, त्या क्षणी लहरी बाहेर निसटायच्या!

आता आपल्या स्वयंपाकघरात या. मायक्रोवेव्ह चालतो साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर आणि वायफायचा जुना पट्टा आहे 2.4चा. म्हणजे दोघे सख्खे शेजारी. दूध गरम करताना व्हिडिओ अडकत असेल, तर मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर जोडून बघा. या पट्ट्याचा वेग जास्त, पण भिंतीपुढे दम कमी. गंमत अशी, की पार्क्सची दुर्बीण चालवणाऱ्या सीएसआयआरओ याच संस्थेतल्या जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतींवर आपटून येणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरायची युक्ती काढली आणि ती पुढे वायफायच्या कामी आली. त्याआधी ओ'सुलिव्हन स्फोट होणाऱ्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. त्यासाठी शिकलेलं गणित आज आपल्या हॉलमध्ये राबतंय!

तरीही राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर कोंबला, तर गणित तरी काय करणार? धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. मोठा आरसा, माशांची टाकी, सळयांची आरसीसी भिंत, सगळेच रेंजचे वैरी. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्यावर ठेवा. अँटेना उभी असेल तर लहरी आडव्या पसरतात, म्हणून वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करा. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असेल, तर 2.4च्या पट्ट्यात चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकीच एक निवडा. हे तिघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आणि राउटरवरचा ‘एलओएस’चा दिवा लाल झाला असेल तर? मग वायफायशी झटापट करू नका. फायबरमधून येणारा प्रकाशच राउटरपर्यंत पोचत नाहीये. वायर कपाटाखाली दबलीय का, कोपऱ्यात काटकोनात मोडलीय का, ते आधी बघा, कारण तीव्र वाकणात प्रकाश काचेतून बाहेर गळतो. तिथे सगळं ठीक असेल तर बहुधा बाहेर कुठेतरी वायर तुटलीय. उंदीर कुरतडतात, खोदकामात तुटते, आणि वाराणसीत तर माकडांनी फायबर चावल्याच्या बातम्या 2015 मध्ये आल्या होत्या. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा: वायरचं सुटं टोक डोळ्यासमोर धरून ‘प्रकाश येतोय का’ ते बघू नका. त्यातला लेसर प्रकाश अवरक्त असतो. डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकते.

दिवे हिरवे आहेत, तरी साइट उघडत नाही? कॉम्प्युटरवरून 8.8.8.8 या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. 1983 मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेला पिंग हा छोटासा प्रोग्रॅम आजही पहिला तपासनीस आहे. उत्तर आलं, तर लाइन चालू आहे आणि दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. कॉम्प्युटरचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. मागच्या बारीक भोकात पिन मात्र घालू नका. तो रीसेट! कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसून टाकतो.

प्लॅन 300 एमबीपीएसचा, पण वायरने जोडलेला लॅपटॉप 94-95च्या पुढे हलत नाही? मग लॅन केबल तपासा. तिच्यात आठ तारा असतात. एक जरी तुटली तरी जोडणी गिगाबिटवरून 100 एमबीपीएसवर घसरू शकते. नवी केबल लावली की बहुतेक वेळा काम फत्ते.

कस्टमर केअरला फोन लावाल तेव्हा नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘एलओएस लाल आहे’, ‘पिंगला उत्तर येतंय पण साइट उघडत नाही’ असं नेमकं सांगा. म्हणजे गरज असेल तर येणारा माणूस फायबर जोडायचं मशीन सोबत घेऊनच निघेल आणि त्याची एक खेप वाचेल.